जॉग्रफी मिस आणि डॉट इन

जेवायला बसली की ती कधी नुसतं मीठ मागायची नाही. "इंग्लिश, तुझ्या आग्नेयेला मीठ आहे, इकडं सरकव," म्हणायची. मी आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, आणि तोवर तिनं हात लांब करून ते स्वतःच घेतलेलं असायचं. वर ऐकवायची, "स्वतःच्या घरात दिशा ठाऊक नाहीत, आणि पोरींना शेक्सपिअर शिकवायला गेली." पचडी पूर्वेला, भात मध्यभागी, अप्पळम, म्हणजे पापड, वायव्येला. माझ्या टेबलाचा तिनं नकाशा करून टाकला होता. तुम्ही दोघं सुट्टीत आलात की तुम्हीही तसंच सुरू करायचात. "आजी, नैर्ऋत्येची डांगर पचडी दे." तुमच्या लहानपणी मी फोनवरून शिकवलेलं "प्लीज" मात्र टोरांटोतच राहिलेलं असायचं.

यामिनी आणि रोहन, ह्यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे. तरी मी सगळं उलगडून लिहिते आहे, कारण पुढे तुमच्या मुलांनी हे वाचलं तर त्यांना कोण कोणाची कोण हे कळायला हवं.

आम्ही दोघी मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो. मी इंग्लिश, ती भूगोल. इथे शाळेत सगळ्या बायका मिस. ती जॉग्रफी मिस, मी इंग्लिश मिस. एकमेकींना हाक मारताना आम्ही "मिस" गाळून टाकलं, आणि शाळा सुटल्यावर, म्हणजे कायमची सुटल्यावरही, ती मला इंग्लिश म्हणत राहिली आणि मी तिला जॉग्रफी. राहायचीही आमच्याच गल्लीत, तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या अंगाला, आमच्यासारख्याच एका जुन्या मराठी कुटुंबातली. तुम्ही तिला जॉग्रफी आजी म्हणू लागलात. ते मला आवडलं नव्हतं. आजी होण्यासाठी मला आधी आई व्हावं लागलं, तुमच्या बाबांच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवत बसावं लागलं, त्यांना परदेशी पाठवून तिरुचीच्या विमानतळावरून कोरड्या डोळ्यांनी परत यावं लागलं. तिनं लग्न केलं नाही, मूल नाही. आणि एका सुट्टीत, तोंडानं हवा भरायच्या एका प्लास्टिकच्या पृथ्वीच्या जोरावर, ती आजी झाली.

मला तिचा हेवा वाटायचा. हे मी सरळ लिहिते. इंग्रजीत ह्या भावनेला दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवला. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याला हवं असणं वेगळं. आपल्याजवळ आहे ते दुसरा घेऊन जाईल ही धास्ती वेगळी. जॉग्रफीच्या बाबतीत मला दोन्ही होतं.

ती बुटकी होती आणि चालताना छत्री काठीसारखी आपटत चालायची. कुठेही गेली तरी खुर्ची उत्तरेकडे तोंड करून फिरवून घ्यायची, मग ती बँकेतली असो की दंतवैद्याकडची. दंतवैद्याची खुर्ची फिरेना, तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, "तुमी कुठल्या दिशेला उभे राहून दात काढताय ते तरी ठाऊक आहे कां?" माझ्या घरातली उत्तरेकडे बघणारी खुर्ची म्हणजे नेमकी माझी, टॅब्लेटसमोरची. रविवारी सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल यायचा, त्याच्या आधी ती न सांगता यायची आणि त्या खुर्चीत बसायची. मी स्वयंपाकघरातून कापीचे, म्हणजे कॉफीचे, पेले घेऊन येईपर्यंत कॉल लागलेला असायचा आणि पडद्यावर तिचं तोंड आणि माझा एक खांदा दिसत असायचा.

शाळेतही हेच. मी शिस्तीची होते. माझ्या वर्गातल्या मुलींचं व्याकरण आजही चुकत नाही. पण वर्षातून एकदा जॉग्रफी आपल्या वर्गाला पॅसेंजर गाडीनं पापनाशमला न्यायची. एवढंसं अंतर, गाडी नीट वेग घेईपर्यंत गाव येतं. सगळ्या मुली खिडक्यांशी उभ्या राहायच्या आणि पूल आला की नदीचं नाव ओरडायच्या. वेण्णार! वेट्टार! कुडमुरुट्टी! डब्यातली माणसं दचकून उठायची. जॉग्रफी छत्री उंचावून विचारायची, "ह्या कुणाच्या लेकी?" आणि डबाभर मुली ओरडायच्या, "कावेरीच्या!" पापनाशमला उतरून वडा खायचा आणि पुढच्या गाडीनं परत. संपली सहल. पुढे कुठल्याही लग्नात गेलं की साठीला आलेल्या बायका तिच्याकडे धावायच्या आणि "वेण्णार, वेट्टार" म्हणत हसायच्या. मग वळून माझ्याकडे बघायच्या आणि पदर सारखा करायच्या.

तिच्याजवळ नव्हती अशी एक गोष्ट माझ्याजवळ होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. आमच्यात बहुतेकांना येत नाही. ती मराठी तमिळ अक्षरांत लिहायची, किराण्याच्या चिठ्ठीपासून देवाच्या आरतीपर्यंत. मला माझ्या आजोबांनी शिकवली, पाटीवर, रोज संध्याकाळी. तुमची आई पुण्याची म्हणून तुम्हाला येते. तेव्हा मला वाटायचं, अक्षरं तरी आपल्या तिघांची आहेत.

पण पुण्यातही तिनं मला मागे टाकलं. तुमच्या आईबाबांचं लग्न ठरवायला आम्ही गेलो, तेव्हा तुमचे आजोबा आजारी होते म्हणून सोबतीला तिला नेलं. तुमच्या आईच्या काकांनी चहा घेताना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तंजावूरच्या," मी म्हटलं.

"ते झालं हो, पण मूळ?"

मी नीट बसले आणि भोसल्यांच्या राज्यापासून सांगायला घेतलं. आमचे पूर्वज कसे आले, दरबारात काय काम करत होते. दोन वाक्यं झाली असतील, जॉग्रफीनं कप खाली ठेवला.

"मूळ म्हंजे किती खाली खणायचं?" तिनं काकांना विचारलं. "तुमचं मूळ कुठलं?"

"आमचं? आमचं कोकणातलं."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी... आधीचं काही माहीत नाही."

"सरी, बरं. मग तुमीही कुठून तरी आलेच की. आमी थोडं पुढं गेलो, इतकंच."

काका इतके हसले की चहा बशीत सांडला. सोयरीक जमली. त्या घरचा फोन आला की पहिला प्रश्न यायचा, त्या भूगोलाच्या बाई कशा आहेत हो. मूळ सांगत होते ती मी. लक्षात राहिली ती.

हा प्रश्न तिला आयुष्यभर टोचला होता हे मला त्या दिवशी कळलं. इथे लोक विचारतात, तुम्ही मराठी ना, मग तुमचं ऊर कुठलं? ऊर म्हणजे आपलं गाव, जिथले आपण. तंजावूर म्हटलं की मान हलवतात, ते नाही, खरं ऊर. आणि महाराष्ट्रात गेलं की आपण मद्राशी. ती म्हणायची, "नाव कुणीही ठेवतं. ऊर सांगितल्याशिवाय माणूस पुरा होत नाही."

आता ॲपकडे येते.

तुम्हा दोघांच्या डोक्यातून ते निघालं. आमच्या गल्लीतली मराठी, तमिळ हेल काढून बोललेली, मुलांना कळते पण बोलता येत नाही. म्हाताऱ्यांनी फोनमध्ये बोलावं, एखादी पाककृती, एखादी शिवी, एखादं अंगाईगीत, आणि ते जगभरच्या आपल्या मुलांना ऐकू यावं. नाव तुम्ही ठरवलंत: तंजबोल. चित्र रोहननं काढलं. कोडिंग यामिनीचं. ॲप ज्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं त्याचा पत्ता तेवढा राहिला होता, आणि त्यातही नावापुढची शेपटी: डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट काहीतरी.

मला एकच हवं होतं. तुम्ही दोघं काही करता आहात, त्यात माझ्या हाताचं काहीतरी असावं. बाकी सगळं झालेलं होतं. शेपटी उरली होती. ती मी निवडलेली असावी, एवढंच.

घाईचं कारण पापनाशमला होतं. माझ्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि तुम्ही ठरवलंत की सगळी मराठी घरं एकत्र येणार, तेव्हा त्या लग्नातच ॲप सुरू करायचं, आणि पत्ता लग्नपत्रिकेतच छापायचा. रोहन म्हणाला, पत्ता कशाला, चौकोनी कोड छापू, फोन समोर धरला की झालं. भावानं नमुना छापून घेतला, कोपऱ्यात कोड. मग वहिनीनं रीतीप्रमाणे पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं लावली आणि ती माझ्याकडे पाठवली. तुम्ही म्हणालात, "आजी, स्कॅन करून बघ." मी फोन आडवा धरला, उभा धरला. कोडावर पिवळं बोट बसलेलं. फोनला त्यातलं काही कळेना.

"हळद न लावता पाठवा ना," रोहन म्हणाला.

भाऊ कॉलवर होता. "बिनहळदीची पत्रिका कधी पाठवतात ठाऊक आहे का तुला? कुणी मेलं की!" तो गरजला. "आणि मधोमध जागा नाही, तिथं नावं आहेत. अक्का, त्याला सांग, अक्षरांत काय ते द्या. छापखाना थांबलाय."

म्हणजे पत्ता अक्षरांत हवा. वाचून टाइप करता येईल असा, आणि फोनवरून एका म्हातारीला दुसऱ्या म्हातारीला सांगता येईल असा. म्हणून शेपटी महत्त्वाची झाली.

पहिल्या रविवारी मी तयारीनं बसले होते. डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं होतं, तो प्रश्न मिटला. बाकीच्यांचा मी आठवडाभर अभ्यास केला होता. मी म्हटलं, डॉट इन घ्या. ते भारताचं आहे, छोटं आहे, इथल्या लोकांना रोज दिसतं, सरकारी कामापासून बँकेपर्यंत, आणि आपलं नाव त्यात मोकळं आहे. कारणं मी एकामागून एक, नीट मांडली.

यामिनी, तू म्हणालीस, "आजी, डॉट इन जरा बोअरिंग आहे गं. आणि आमच्याकडचे लोक म्हणतील हे फक्त इंडियासाठी आहे. मी डॉट आयओ बघतेय. सगळे स्टार्टअप तेच घेतात."

रोहन म्हणाला, "मला डॉट ॲप आवडतं. ॲप आहे तर डॉट ॲप."

मी म्हटलं, "मग निदान डॉट ऑर्गचा विचार करा, भारदस्त आहे," आणि तेही हवेत विरलं. जॉग्रफी त्या दिवशी जाताना फक्त म्हणाली, "प्रत्येक शेपटीला देश असतो कां गं?"

"दोन अक्षरी असली तर असतो," मी म्हटलं. सांगितलं ते मीच. हे लक्षात ठेवा.

पुढच्या रविवारी ती पृथ्वी घेऊन आली. कॉल लागल्यावर ती फुगवू लागली. वयाच्या मानानं तिला दम पुरत नव्हता. मध्ये थांबायची, बोटानं भोक दाबून धरायची, पुन्हा फुंकायची. तुम्ही दोघं पडद्यावर टाळ्या वाजवत होतात. मी कापी गार होताना बघत होते.

"डॉट टीव्ही," ती म्हणाली आणि पॅसिफिकवर बोट ठेवलं. "तुवालू. समुद्र चढतोय तिथं. डॉट एआय. अँगुइला, हे पाहा, माशीनं बसून घाण केल्याइतकं. डॉट मी, माँटेनेग्रो. आता यामिनी, तुझं आयओ कुठलं ऊर?"

"ऊर नाही जॉग्रफी आजी, इनपुट आउटपुट."

"ते तुमी ठरवलंत. ऊर कुठलं?"

यामिनी, तू शोधलंस आणि म्हणालीस, "ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी."

"मालदीवच्या दक्षिणेला." तिनं पृथ्वी कॅमेऱ्याजवळ नेली, इतकी की पडद्यावर नुसता निळा रंग दिसू लागला. "इथं माणसं राहायची. नारळ काढायची. साहेबाला लष्कराचा तळ हवा होता. सगळ्यांना जहाजात घातलं आणि दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडलं. घरं तशीच टाकून. त्यांची नातवंडं अजून विचारतायत, आमचं ऊर कुठं गेलं म्हणून. आणि त्यांच्या ऊराच्या नावावर तू आपल्या आजीची बोली ठेवणार?"

रोहन हळूच म्हणाला, "ओके. आयओ गेलं."

मी शाळेत शब्दाशब्दाला वजन द्यायला शिकवायची. पण दोन अक्षरांत इतकं वजन मी कधी घातलं नव्हतं, आणि ते मी तिथेच, कापीचा पेला हातात धरून, मान्य केलं, मनात. तोंडानं म्हटलं, "जॉग्रफी, पृथ्वी खाली ठेव, मुलं दिसत नाहीत मला."

"आता डॉट ॲप," ती म्हणाली. "त्याला देशच नाही. पण सांगून बघू. सांगून बघितल्याशिवाय पत्ता खरा नाही."

ही तिची पद्धतच होती. शाळेत ती प्रत्येक नव्या मुलीला फाटकावरच्या वॉचमनला आपल्या घरचा पत्ता सांगायला लावायची, आणि त्यानं तो परत नीट म्हणून दाखवला तरच मुलगी पास. सोमवारी सकाळी ती मला घेऊन निघाली. मी जायचं कारण नव्हतं. पण ती एकटी गेली असती तर येऊन तुम्हाला एकटीनंच सांगितलं असतं.

कोपऱ्यावरच्या कापी-पूडवाल्यापाशी आम्ही थांबलो. यंत्र घरघरत होतं. "तंजबोल डॉट ॲप," जॉग्रफी ओरडली. "उघडून दाखव बघू."

त्यानं हात पुसले, फोन काढला आणि थेट ॲपच्या दुकानात जाऊन "तंजबोल" शोधलं. "नाही दिसत, मिस. हे बघा, हा फुगे फोडायचा खेळ येतोय. तो उतरवू?"

"दुकानात नको, वर पट्टीत टाइप कर."

"ॲप म्हणालात ना? ॲप दुकानातच मिळतं."

त्याला पटवून द्यायला इतका वेळ गेला की मागे रांग लागली. राजवाड्यापुढच्या रिक्षावाल्याला मी डॉट ऑर्ग सांगितलं, माझ्या उत्तम उच्चारात. तो सावध झाला. "ट्रस्ट का मॅडम? देणगीचं असेल तर माझ्या बायकोला विचारावं लागेल." मग जॉग्रफीनं त्याला डॉट इन सांगितलं. त्यानं "मध्ये को येतं का, को डॉट इन?" विचारलं, नाही म्हटल्यावर टाइप केलं, आणि पलीकडच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं. पलीकडच्यानं तसंच्या तसं परत ओरडलं.

"पास," जॉग्रफी म्हणाली.

"हे मी पहिल्याच रविवारी म्हटलं होतं," मी म्हटलं.

"होय," ती म्हणाली आणि छत्री आपटत पुढे गेली.

तिसऱ्या रविवारी भावाचा फोन आधी आला. "अक्का, आज नाही दिलंत तर मी रिकामी छापतो." मग तुमचा कॉल लागला. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या खुर्चीतून आवाज आला.

"डॉट इन घ्या," ती म्हणाली. "इथं विचारतात तुमचं खरं ऊर कुठलं. तिकडं विचारतात, तुमी तर मद्राशी. ह्या शेपटीत दोन्ही येतात. पुणं येतं, तंजावूर येतं, आणि कुणाला परत विचारायला तोंड राहत नाही. टोरांटोतल्या पोरानं टाइप केलं तरी त्याला कळलं पाहिजे, हे कुठलं आहे ते."

"जॉग्रफी आजी!" यामिनी, तू दोन्ही हात वर केलेस. "परफेक्ट. डन."

"मी हेच..." मी म्हटलं.

"हो आजी, तूही काहीतरी म्हणाली होतीस तेव्हा," रोहन म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. तूही. काहीतरी. त्याच कॉलमध्ये, मी बघत असताना, तुम्ही ते नाव घेऊन टाकलंत, आणि मी भावाला फोन करून अक्षरं सांगितली.

कॉल संपल्यावर मी तिचा पेला उचलला नाही. तिनं तो स्वतः नेऊन विसळला, हे तिच्याकडून कधी होत नसे.

"तू आधी बोललीस, मज ठाऊक आहे," ती मोरीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली. "पण तू पेपर तपासल्यासारखी बोललीस गं, डी."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस, की हे आधी इंग्लिशनं सुचवलं?"

"विसरले."

ती काही विसरत नसे. कुठल्या मुलीच्या घरची विहीर कुठल्या दिशेला होती हे तिला पन्नास वर्षांनंतरही आठवायचं. ती पाठमोरीच राहिली, आणि मला कळलं की रविवारची सकाळ तिलाही हवी होती. मला मुलगा होता, सून होती, तुम्ही होतात. तिच्याकडे माझी खुर्ची होती. हे कळलं म्हणून माझा हेवा कमी झाला असं समजू नका. उलट आता तो कुणाला सांगताही येईना.

लग्न छान झालं. पापनाशमच्या कार्यालयात जॉग्रफी दाराशीच खुर्ची टाकून बसली, अर्थात उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे वधूवरांकडे पाठ. येणाऱ्या प्रत्येकाला पत्रिका काढायला लावायची, पत्ता मोठ्यानं वाचायला लावायची. जेवणाच्या पंगतीपर्यंत कार्यालयभर म्हाताऱ्या फोनला तोंड लावून बोलत होत्या. आणि प्रत्येक फोनवर ॲप उघडताना तिचा आवाज यायचा. ॲप उघडल्याबरोबर विचारायचा प्रश्न तुम्ही आम्हा दोघींकडून बोलून मागवला होतात. मी अनेकदा म्हणून, त्यातला उत्तम तो पाठवला. तिनं एकदाच, बहुतेक रस्त्यात चालता चालता. मागे बसचा भोंगा ऐकू येतो. "नाव काय? ऊर कुठलं? लाजू नको, बोल!" तुम्ही तिचा घेतलात. यामिनी, तू म्हणालीस, "आजी, तुझा फार बातम्यांसारखा वाटतो."

त्यानंतर कितीतरी दिवस, कुठल्याही घरी गेलं की कुणाच्या ना कुणाच्या हातातून ती विचारायची, लाजू नको, बोल.

गेल्या मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, ती गेली. थोडा ताप आला, तिचा भाचा होसूरहून पोहोचेपर्यंत संपलं होतं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही दोघं रडलात. रोहन, तू इतका रडलास की तुझ्या आईनं फोन घेतला. मी तुमची समजूत काढत होते, तिला त्रास झाला नाही, वय झालं होतं, असं म्हणत होते, आणि मनात एकच होतं: माझ्यासाठी हे असं रडतील का? मैत्रीण गेली त्या दिवशी मला हे सुचलं. सुचलं ते लिहिते.

मग एका रविवारी यामिनीनं विचारलं, "आजी, ॲप उघडलं की तिचा आवाज येतो. मला सहन होत नाही गं. तुझा घालू का? तुला नको असेल तर तसाच राहू दे."

तुझ्या आवाजावरून कळत होतं, मी काय म्हणेन असं तुला वाटतं आहे ते. मोठ्या मनाच्या आज्या म्हणतात, राहू दे बाळा, तिची आठवण आहे.

मी म्हटलं, "घाल."

तू विचारलंस, "नक्की?"

"नक्की. तिनं पुरेसे दिवस विचारलं. आता मी विचारते."

तिचा आवाज तुम्ही पुसलेला नाही, हे मला माहीत आहे, आणि पुसूही नका. पण दाराशी आता मी आहे. पहिल्या दिवशी पापनाशमहून भावाचा फोन आला. "अक्का, ती बाई कुठं गेली? हे तर शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, सवय होईल. तिला दारातून उठवलं, म्हणून ती कशी होती ते इथे, तिला न येणाऱ्या अक्षरांत, लिहून ठेवते आहे. कोणी विचारलं की डॉट इन कुणी सुचवलं, तर आधी मी सुचवलं, आणि तुम्हाला पटवलं तिनं. दोन्ही सांगा. ह्याच क्रमाने.

तिच्यात आणि माझ्यात एक फरक मात्र तिच्याही लक्षात आला नसता. ती विचारायची आणि पुढे जायची. कोणी काय उत्तर दिलं हे तिनं कधी ऐकलं नाही. मी ऐकते. रोज सकाळी कापी घेऊन बसते आणि लोकांनी माझ्या प्रश्नाला दिलेली उत्तरं एकेक करून ऐकते. होसूरचं आलं, सिंगापूरचं आलं, कापी-पूडवाल्यानं मराठी येत नसतानाही दिलं. आवाज तुम्ही घातलात, चालतो का ते तुम्हीच तपासलंत. तुम्हा दोघांचं उत्तर अजून आलेलं नाही.